माग विकू नका, सोमवारची गोळी चुकवू नका

पत्र: माझी अम्मा ५६ वर्षांची आहे. लहानपणापासून विड्या वळत आली. दीड वर्षापूर्वी तिच्या दोन्ही हातांची बोटं सुजायला लागली, सकाळी तर मूठच वळत नव्हती. तपासण्या करून डॉक्टरांनी आमवात, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असल्याचं सांगितलं. पाच महिन्यांपासून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची १० मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. सूज निम्मी उतरली, पूर्ण गेली नाही. पाहुणे म्हणतात, ती कॅन्सरची गोळी आहे, प्रतिकारशक्ती मारते, सोडून द्या. त्यांनी इम्युनिटी वाढवायची पावडर आणि गुळवेलीचा काढा आणून दिलाय. त्यातच अन्नाने, माझ्या भावाने, मोबाइलवर नोबेलची बातमी पाहिली. परगावच्या एका दवाखान्यात याच शोधातल्या ‘पेशी’ सलाइनमधून देतात, आजार मुळातून जातो, असं त्याला कुणीतरी सांगितलं. खर्च सहा लाख. अन्ना दोन माग विकायला निघालाय. अम्मा मात्र एकच विचारते, पुन्हा विड्या वळता येतील का? काय करू?
एक मुलगी, विडी घरकुल, सोलापूर

ताई,

आधी उत्तर देते, कारणं नंतर. माग विकू नका. अम्माची गोळी बंद करू नका. पावडर आणि काढा आजच थांबवा, आणि किती दिवस घेतला हे डॉक्टरांना न लपवता सांगा. ते रागावतील या भीतीने लोक हे लपवतात आणि मग रक्ताच्या रिपोर्टात काय बिघडलं, कशाने बिघडलं, याचा पत्ताच लागत नाही.

आता कारणं. अन्नालाही हे वाचून दाखवा. त्याला आईसाठी काहीतरी करायचंय, त्याच्या मनात खोट नाही.

कोरोनाच्या दिवसांपासून ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द आपल्या घराघरांत इतका फिरला की ती बँकेतल्या शिलकीसारखी वाटायला लागली, जितकी जास्त तितकी बरी. अम्माच्या दुखण्यात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही. ती आवरत नाहीये. सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असतं. जंतू आल्यावर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी अम्माच्या बाबतीत जंतू नसताना त्या अस्तरात घुसून बसल्यात. त्या एकमेकींना रसायनांनी हाका मारतात. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ ही त्यातली दोन मुख्य नावं, पुढेमागे डॉक्टरांच्या तोंडून ऐकाल. हाक ऐकून आणखी पेशी येतात, अस्तर जाड होतं, सुजतं आणि शेवटी कूर्चा आणि हाड कुरतडायला लागतं. तुमच्या फाइलमध्ये अँटी-सीसीपी नावाची तपासणी असेल. आपल्याच शरीरावर उठणारी प्रतिपिंडं रक्तात आहेत का, हे ती बघते. ती ज्यांची पॉझिटिव्ह येते, त्यांच्यातल्या अनेकांच्या रक्तात ही प्रतिपिंडं दुखणं सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधीपासून असतात. म्हणजे अम्मा अजून विड्यांचा रोजचा हिशोब नीट पुरा करत होती, तेव्हाच हे आतून सुरू झालेलं असू शकतं. तिने काय खाल्लं, काय केलं म्हणून हे झालं, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

अन्नाला त्याच्या भाषेत सांगायचं तर असं. माग चालू असताना बाण्याचा धागा तुटला, कांडी संपली, तर माग थांबायला हवा. थांबला नाही तर धोटा रिकामाच धावत राहतो आणि कापड वाया जातं. अशा वेळी कारागीर मोटर मोठी बसवत नाही. थांबवणारी यंत्रणा कुठे बिघडली ते आधी बघतो. पाहुण्यांची पावडर म्हणजे मोटर मोठी करायचा सल्ला आहे. सुदैवाने अशा बहुतेक पावडरींनी प्रतिकारशक्ती फारशी हलतही नाही, त्यामुळे मोटर निदान मोठी होत नाही.

अन्नाने पाहिलेली नोबेलची बातमी खरी आहे, आणि ती या थांबवणाऱ्या यंत्रणेबद्दलच आहे. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रुंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना मिळालं. साकागुची जपानचे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिथे टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, तयार होतात आणि आपल्याच शरीरावर उठतील अशा पेशी तिथेच बाद केल्या जातात. बरीच वर्षं सगळ्यांना वाटायचं की निवड तेवढीच, एकदा चाळून झालं की झालं. पण नवजात उंदरांची थायमस तिसऱ्या दिवशी काढली, तर ते नुसते दुबळे व्हायला हवे होते. झालं उलटं. त्यांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच अवयवांवर तुटून पडली. साकागुचींनी त्याच जातीच्या निरोगी उंदरांच्या टी पेशी या उंदरांना दिल्या आणि आजार टळला. याचा अर्थ टी पेशींमध्येच काही अशा असणार, ज्या बाकीच्यांना आवरतात. त्या काळी अशा पेशींवर बहुतेक शास्त्रज्ञांचा विश्वास उरला नव्हता. साकागुचींनी विषय सोडला नाही आणि १९९५ मध्ये त्या पेशी कोणत्या खुणेवरून ओळखायच्या हे दाखवून दिलं. त्यांनाच आज टी-रेग म्हणतात, म्हणजे नियंत्रण ठेवणाऱ्या टी पेशी.

ब्रुंको आणि रॅम्सडेल दुसऱ्या टोकाने आले. अमेरिकेत टेनेसी राज्यात ओक रिज इथे १९४० च्या दशकात किरणोत्साराचे परिणाम तपासायला उंदीर पाळले होते. त्यातले काही नर खपल्या धरलेल्या कातडीचे जन्मायचे आणि काही आठवड्यांत मरायचे. पुढे कळलं की त्यांच्या टी पेशी त्यांच्याच शरीराची नासधूस करत होत्या. जनुकातली नेमकी चूक कुठे, हे त्या काळी शोधणं म्हणजे कापडाच्या अख्ख्या ताग्यात एक चुकलेला धागा शोधणं. दोघांनी शोधाची जागा आक्रसत आक्रसत २० जनुकांवर आणली आणि एकेक तपासत गेले. चूक सापडली ती विसाव्या, शेवटच्या जनुकात. हा भाग मी जेव्हा वाचते तेव्हा मला प्रत्येक वेळी त्या एकोणिसाव्या जनुकानंतरचा दिवस डोळ्यांपुढे येतो. २००१ मध्ये त्यांनी दाखवलं की त्याच जनुकात, फॉक्सपी३ मध्ये, दोष असलेल्या लहान मुलांनाही असाच भयंकर आजार होतो. दोन वर्षांनी साकागुची आणि इतरांनी दोन्ही टोकं जुळवली. टी-रेग पेशी घडवणारं जनुक ते हेच.

एवढं सविस्तर अशासाठी लिहिलं, की अन्नाला दाखवलेली आशा पूर्ण खोटी नाही. तिच्या नावावर चाललेला धंदा मात्र खोटा आहे, आणि तो ओळखायला याच पेशींबद्दलची एक गोष्ट उपयोगी पडते. आमवाताच्या सुजलेल्या सांध्यातलं पाणी काढून तपासलं, तर त्यात टी-रेग पेशी पुष्कळ सापडतात. रक्तातल्यापेक्षा जास्त. म्हणजे आवरणारे तिथे पोचलेले आहेत, पण त्या धगीत त्यांचं काही चालत नाही, किंवा बाकीच्या पेशी त्यांचं ऐकत नाहीत. मग सलाइनमधून आणखी पेशी सोडल्या तर त्या सांध्यात जाऊन काय करणार? नेमक्या कोणत्या पेशी द्यायच्या, कशा बदलून द्यायच्या, त्या शांतच राहतील की उलटतील, यावर जगभर चाचण्या चालू आहेत. सहा लाख घेऊन हमी देण्याइतकं उत्तर आज कुणाकडेही नाही.

तुमच्या भावाला कदाचित कार-टी उपचाराबद्दलही कुणी सांगेल, म्हणून आत्ताच लिहिते. त्यात रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून, प्रयोगशाळेत बदलून परत देतात. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये ल्युपस या अशाच, स्वतःवर उलटणाऱ्या आजाराच्या एका तरुणीवर हा उपचार केला. २०२२ मध्ये पाच रुग्णांचा अहवाल छापला. पाचही जणांचा आजार शांत झाला. मोठी गोष्ट आहे आणि मला तिच्याकडून खरंच खूप आशा आहे. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, पण ती रक्ताच्या ठरावीक कर्करोगांसाठी. अम्माच्या सांध्यांसाठी नाही.

तर त्या दवाखान्याला अन्नाने फोन करून तीनच गोष्टी विचाराव्यात. हा उपचार आमवातासाठी मंजूर आहे का, असेल तर कागद दाखवा. मंजूर नसून चाचणी असेल, तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक आणि नैतिक समितीची परवानगी द्या. आणि चाचणीच असेल, तर पैसे कशाचे? कारण ज्या उपचाराची परीक्षा चालू आहे, त्याचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नसतो, हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा दंडक आहे. स्टेम सेलचं नाव घेतलं, तर २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: ठरलेल्या आजारांसाठीचं, रक्त घडवणाऱ्या मूळ पेशींचं प्रत्यारोपण सोडून दुसरा कोणताही स्टेम सेल उपचार मान्य उपचार म्हणून करता येत नाही. या तीन प्रश्नांवर पलीकडचा आवाज गोड होऊन ‘तुम्ही आधी इथे तर या’ म्हणाला, की फोन ठेवून द्यायचा.

आता त्या ‘कॅन्सरच्या गोळी’बद्दल. पाहुण्यांचं निम्मं खरं आहे. मेथोट्रेक्सेट मुळात कर्करोगासाठीच बनलं. पण तिथे मात्रा फार मोठ्या असतात. आमवातात आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम देतात, आणि एवढ्या मात्रेत ते भडकलेल्या पेशींना थंड करण्याचं काम करतं. हे औषध कुठे घडलं हे अम्माला जरूर सांगा. अमेरिकेतल्या लेडरले प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या हाताखाली. भीमावरममध्ये १८९५ साली जन्मलेले, अम्माच्याच तेलुगू भाषेचे. अम्मा दुसऱ्या दिवशी जी फॉलिक अॅसिडची गोळी घेत असेल, ते फॉलिक अॅसिडही प्रयोगशाळेत तयार केलं ते त्यांच्याच चमूने. तिच्या औषधाच्या डबीतल्या दोन्ही गोळ्या एकाच तेलुगू माणसाच्या कामातून आल्यात. ‘परक्यांचं विष’ म्हणून ती गोळीला घाबरत असेल, तर कदाचित हे ऐकून थोडी कमी घाबरेल.

गोळीला जपायचं मात्र पक्कं. ती आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेतते, आणि ही चूक खरोखर होते, विशेषतः घरातलं दुसरं कुणी गोळ्या काढून देत असेल तेव्हा. म्हणून वार ठरवा. सोमवार ठेवा. सोलापुरात सोमवार सिद्धरामेश्वरांचा, तो कुणाच्या घरात विसरला जात नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरांत तेलुगूत सोमवार लिहून चिकटवा, म्हणजे तुम्ही घरी नसलात तरी घोटाळा होणार नाही. रक्तातल्या पेशी, यकृत आणि किडनी यांची तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतराने करायचीच, बरं वाटत असलं तरी. तोंडात फोड आले, ताप आला, कोरडा खोकला आणि धाप लागली, तर पुढच्या सोमवारची वाट बघायची नाही, गोळी न देता आधी डॉक्टरांना गाठायचं.

आणि पाच महिन्यांत सूज निम्मी उतरली, म्हणजे औषध लागू पडतंय. १० मिलिग्रॅम ही अनेकांसाठी सुरुवातीची पायरी असते. रक्त तपासून मात्रा वाढवता येते, जोडीला सल्फासालाझिन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देता येतं. त्यानेही भागलं नाही तर टीएनएफची हाक अडवणारी इंजेक्शनं आहेत, ती महाग असली तरी आता त्यांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या मिळतात. म्हणजे सहा लाखांच्या दारापर्यंत जायच्या आधी चार-पाच दारं आहेत, आणि तुम्ही पहिल्याच दारात उभ्या आहात. सिव्हिलला किंवा संधिवाततज्ज्ञाकडे जाऊन हे सरळ विचारा: मात्रा वाढवायची का, दुसरं औषध जोडायचं का?

गुळवेलीबद्दल नाराज होऊ नका. मीही लहानपणी तापात तिचा काढा प्यायलेली आहे. पण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद आपण बाजूला ठेवू. अम्माचं यकृत आधीच एका औषधाचा भार वाहतंय आणि तिचा आजार प्रतिकारशक्ती भडकल्याचा आहे. या दोन कारणांसाठी तिला तरी नको.

पुड्यांचंही सांगते, कारण पावडरीनंतर पाहुणे पुड्याच आणतात. माझ्या मावशीला हाच आजार होता. तालुक्याच्या गावी कुणीतरी कागदी पुड्या द्यायचं. आठ दिवसांत ती चालायला लागली, भूक वाढली, चेहरा गोल झाला, सगळे म्हणायचे अंगात रक्त भरलं. पुड्यांत स्टेरॉइड होतं हे आम्हाला फार उशिरा समजलं. वरून दुखणं दबलं, आत सांधे झिजत राहिले. दोन वर्षांनी तिची बोटं करंगळीच्या बाजूला कलली, वाऱ्याने ज्वारीचं पीक कलतं तशी. लाटणं धरता येत नव्हतं, ती तळहाताने थापून भाकरी करायची, तेही पुढे सुटलं. तेव्हा मी शिकत होते आणि मला कळत असूनही मी घरात ठामपणे बोलले नाही. म्हणून तुम्हाला इतक्या ठामपणे लिहितेय. अम्माने अशा पुड्या आधीच सुरू केल्या असतील तर मात्र एकदम तोडू नका. स्टेरॉइड अचानक बंद करणंही धोक्याचं असतं, डॉक्टरांना पुडी दाखवून हळूहळू उतरवायचं.

टीबीचं एक लक्षात ठेवा. आपल्याकडे कितीतरी लोकांच्या फुप्फुसात टीबीचे जंतू झोपलेले असतात. मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्यांना वेढा घालून कोंडून ठेवतात, आणि तो वेढा टिकतो तो त्याच टीएनएफच्या जोरावर, जो अम्माच्या बोटांत नको तिथे उधळलाय. म्हणून टीएनएफ अडवणारं इंजेक्शन द्यायच्या आधी टीबीची तपासणी करतात. घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असेल, तर सरकारी दवाखान्यात फुकट तपासून मिळतं. अम्माला आणि तुम्हालाही.

आणखी एक, तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण विडीच्या घरात विचारावंच लागतं. अम्मा मिश्री लावते का? विडी-सिगारेट ओढण्याने आमवाताचा धोका वाढतो हे पक्कं ठाऊक आहे. मिश्रीने तोंडाचा कर्करोग होतो आणि हिरड्या खराब होतात, आणि हिरड्यांच्या जुनाट आजाराचा आमवाताशी संबंध वारंवार दिसून आलाय. एकदा दात-हिरड्या दाखवून घ्या. मिश्री सुटायला वेळ लागेल, भांडू नका, पण डबी भरून आणून देणं घरातल्यांनी तरी थांबवावं.

आता अम्माचा प्रश्न. ती सूप मांडीवर घेऊन बसते, पान कात्रीने कापते, तंबाखू भरते, वळते, दोरा बांधते. दिवसात शेकडो वेळा तीच चार बोटं, तोच अंगठा. सूज असताना हे काम त्या सांध्यांना सोसणार नाही, आत्ता नको. सूज पूर्ण उतरली, आजार काही महिने शांत राहिला, तर हातात ताकद परत येते. अनेक बायका परत कामाला लागतात, मी पाहिल्यात. पूर्वीइतक्या विड्या होतील असं वचन मी देणार नाही. तोवर पान कापायचं काम दुसऱ्या कुणी करावं, कारण कात्रीच अंगठ्याच्या सांध्याला सगळ्यात जास्त दमवते. पण तिने हात अगदी न हलवता ठेवूही नये. सकाळी कोमट पाण्यात पंजे बुडवून बोटं हळूहळू उघडमीट करावीत, दुखेपर्यंत नाही. आणि तिच्या उत्पन्नाची काळजी तिला आतून खात असेल, ती तुम्ही आणि अन्नाने मिळून तिच्याशी बोलून हलकी करा. तुमचे ते दोन माग त्यासाठीच चालू राहायला हवेत.

एक वही करा. रोज एकच ओळ लिहायची: उठल्यापासून हातात कात्री नीट धरता येईपर्यंत किती मिनिटं गेली. आमवातात सकाळचा हा आखडलेपणा किती वेळ टिकतो, यावरून डॉक्टरांना औषध कितपत चाललंय ते कळतं. पुढच्या तपासणीला रिपोर्टांच्या आधी ती वही टेबलावर ठेवा. तीन महिन्यांनी पहिल्या आणि शेवटच्या आठवड्याचे आकडे मला लिहून पाठवा. अम्माने स्वतः लिहिले असतील तर तेलुगूतच पाठवा, मी कुणाकडून तरी वाचून घेईन.